जर्मनीत फी नाही म्हणतात, ते आलं कुठून?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं ज्या घरात आहेत तिथे हल्ली हे वाक्य हमखास ऐकू येतं, अमेरिका परवडणार नाही, जर्मनीत फी नसते, तिकडे बघूया. बरंचसं खरं आहे, पण सगळीकडे खरं नाही. आणि कुठे खरं, कुठे नाही हे कळायला एक गोष्ट आधी डोक्यात बसायला हवी, तिथे युनिव्हर्सिट्या केंद्राच्या हातात नाहीत, राज्यांच्या हातात आहेत, अशी 16 राज्यं, आणि फी घ्यायची की नाही ते प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवतं. पुढचा सगळा घोळ यातूनच झालाय.

मुळात तिथे पूर्वी फी होतीच. कुठल्या प्रोफेसरच्या लेक्चरला बसणार त्याचे पैसे मुलांनी भरायचे, ह्योरगेल्ड म्हणायचे त्याला. आपल्या इरावती कर्वे 1928 ला पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या ते जर्मनी या पद्धतीचं होतं. मग साठच्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांची मोठी आंदोलनं झाली आणि 1970 ला राज्यांनी मिळून हे पैसे घेणं बंद करायचं ठरवलं, लगेच 1971 ला गरीब घरच्या मुलांना राहण्याखाण्याला सरकारी मदत देणारा कायदाही आला. कामगाराच्या घरातल्या पोरानेही युनिव्हर्सिटीत यावं असा तो विचार होता. तेव्हा डोळ्यासमोर त्यांची स्वतःचीच मुलं होती हे उघड आहे, पण बाहेरून येणाऱ्यांना वेगळा नियम लावला नाही आणि त्याचा फायदा आपल्याला पुढे कितीतरी वर्षं मिळाला.

आता मधला भाग बऱ्याच जणांना माहीतच नसतो. 2002 ला केंद्राने पहिल्या डिग्रीला फी लावायची नाही असा कायदा केला, त्यावर सहा राज्यं कोर्टात गेली की हा आमचा विषय आहे, तुमचा नाही, आणि जानेवारी 2005 ला तिथल्या घटना कोर्टाने राज्यांच्या बाजूने निकाल दिला. झालं, 2006-07 पासून सात राज्यांनी फी सुरू केली, साधारण सेमिस्टरला 500 युरो. म्हणजे ज्यांना वाटतं की जर्मनीत फी कधी आलीच नाही त्यांनी हे लक्षात घ्या, आली होती. पण लोकांनी ती टिकू दिली नाही. हेसनमध्ये 2008 लाच गेली, मग एकेक राज्य मागे हटत गेलं. बव्हेरियात तर लोकांनी कायदा बदलायला लावला, नियम असा की 14 दिवसांत राज्यातल्या दहा टक्के मतदारांनी स्वतः नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन सह्या करायच्या, ऑनलाइन वगैरे काही नाही, आणि जानेवारी 2013 च्या थंडीत तेरा लाखांवर लोक जाऊन सही करून आले! माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा प्रसंग आहे. शेवटचं राज्य लोअर सॅक्सनी, तिथली फी 2014 ला गेली, आणि जर्मनीत सगळीकडे फुकट ही जी ख्याती आपल्याकडे पसरली ती नेमकी त्यानंतरची.

पण नुसती फी नसून आपल्या मुलांना उपयोग नव्हता, कारण जुना डिप्लोम कोर्स (बॅचलर-मास्टर्स एकत्रच असलेली तिथली डिग्री, आपला डिप्लोमा नव्हे) पाच वर्षांचा आणि सगळा जर्मनमधून. 1999 च्या बोलोन्या करारानंतर (डिग्र्यांची रचना सारखी करायला युरोपातल्या देशांनी केलेला) बॅचलर-मास्टर्स अशी विभागणी झाली, दोन वर्षांचे इंग्लिशमधले मास्टर्स कोर्स निघाले आणि बीई करून थेट जायचा रस्ता मोकळा झाला. पुण्यात अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून जर्मन घेतलेली मुलं असतातच, त्यांनाही तो आधार झाला (नोकरीसाठी जर्मन लागतंच, कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी). 2023-24 च्या विंटर सेमिस्टरला तिथे सुमारे 49 हजार भारतीय विद्यार्थी होते, चीनला मागे टाकून पहिल्या नंबरवर.

आणि मग उलटा प्रवास सुरू झाला. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने 2017 च्या विंटरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1500 युरो फी लावली. हे राज्य म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग. स्टुटगार्ट मुंबईचं 1968 पासूनचं सिस्टर सिटी, बॉश आणि मर्सिडीजचं गाव, नाशिक-चाकणच्या घरांत ही नावं रोजची, त्यामुळे आपली मेकॅनिकल-ऑटोमोबाइलची मुलं हमखास तिकडे अर्ज करतात. आता चार सेमिस्टर धरा, 6000 युरो झाले, आणि शेजारच्या राज्यांपलीकडे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातल्या आखेनला तोच मास्टर्स केला तर ही फी शून्य, फक्त सेमिस्टर काँट्रिब्युशन म्हणून काहीशे युरो. पीएचडीवाल्यांना स्टुटगार्टलाही ही फी नाही. बव्हेरियात 2023 च्या नव्या कायद्याने युनिव्हर्सिटीला स्वतः ठरवून बाहेरच्या मुलांकडून फी घेता येते, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024-25 पासून ती लावली, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला 4000 किंवा 6000 युरो. ज्या राज्यात लोकांनी रांगा लावून फी घालवली तिथेच ती परत आली, फक्त आता ती भरणारा तिथला मतदार नाही.

दुसरा गोंधळ युनिव्हर्सिटी आणि होखशूलेचा (म्हणजे इथे फाखहोखशूले, प्रॅक्टिकल शिक्षणाची कॉलेजं). जुन्या इंजिनिअरिंग शाळांमधून 1970 च्या आसपास फाखहोखशूले निघाल्या, त्या प्रॅक्टिकल कामाच्या, इंडस्ट्रीला धरून असलेल्या. आपल्याकडे लोक त्यांना कमी समजतात ते मला अजिबात पटत नाही, प्लांटमध्ये काम करायचं असेल तर त्या उत्तम. मात्र पुढे पीएचडी करायची असेल तर तो अधिकार मुख्यतः युनिव्हर्सिट्यांकडेच राहिलाय, हे आधी बघा.

आणि खाजगी संस्था हा तिसराच प्रकार, त्यांना हा सगळा फीचा इतिहास लागूच होत नाही, त्या वर्षाला हजारो युरो घेतात. काही एजंटांना सरकारी युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळत नाही, खाजगीकडून मिळतं, त्यामुळे ‘जर्मनीत अॅडमिशन पक्की’ म्हणून जे नाव पुढे केलं जातं ते कुठल्या प्रकारातलं आहे ते स्वतः तपासा.

मार्कांचं पण सांगून टाकतो, कारण त्यावरून शॉर्टलिस्ट ठरते. दहापैकी 7.6 सीजीपीए, पासिंग 4 धरलं तर 10 मधून 7.6 गेले 2.4, त्याला 10 वजा 4 म्हणजे 6 ने भागा, 0.4, गुणिले 3, त्यात 1 मिळवा, 2.2 आले. तिकडे कमी आकडा चांगला. बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात याला, आणि 2.5 च्या आतला आकडा अनेक कोर्सना लागतो.

नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना डॉक्युमेंट तपासणीचं एपीएस सर्टिफिकेटही लागतं, चीनच्या मुलांना ते 2001 पासूनच होतं. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठराविकच पैसे काढता येतात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, सप्टेंबर 2024 पासूनचा हा आकडा, फी असो वा नसो. म्हणून कॉलेजच्या रँकिंगआधी नकाशा उघडा, युनिव्हर्सिटी कुठल्या राज्यात येते ते बघा, आणि मग तिच्या साइटवर आपण ज्या सेमिस्टरला जाणार त्याच सेमिस्टरचा नॉन-ईयू फीचा नियम वाचा, मागच्या वर्षी गेलेल्या सीनियरचा नाही.