कोळशाच्या ढिगाऱ्यातून आलेला प्रोटिअझोमचा नकाशा

शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या पोरांना प्रोटिअझोमचं, म्हणजे पेशीतली नको असलेली प्रथिनं तोडणाऱ्या यंत्राचं, चित्र काढायला सांगा, एकावर एक चार कडी रचून मोकळी होतील. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो आकार आधीपासून दिसत होताच. पण आत कुठला अणू कुठे बसलाय, हे कळायला १९९५ उजाडावं लागलं. तेही माणसाच्या नव्हे, थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम नावाच्या आर्कियाच्या (बॅक्टेरियासारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवाच्या) प्रोटिअझोमवरून.

हा जीव १९७० साली अमेरिकेत, आपोआप धुमसणाऱ्या कोळसा-कचऱ्याच्या ढिगात सापडला. त्याला मानवतं ५९ अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान आणि २ च्या जवळपासचा पीएच. वर अंगावर पेशीभित्तिका नाही! कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्कियांचा वेगळा गट मांडला तो नंतर, १९७७ मध्ये.

तिकडे प्रथिनं मोडण्याचा अभ्यास वेगळ्याच वाटेने चालला होता. लायसोसोम (पेशीतली पचनाची पिशवी) सापडल्यावर बरीच वर्षं वाटत होतं, मोडतोड काय ती तिथेच होते. हर्शको, सिकॅनोव्हर आणि रोझ यांनी मोडायच्या प्रथिनांवर लागणारी युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण दाखवली (नोबेल मिळायला २००४ साल उजाडलं). पण खूण लावणारे वेगळे आणि तुकडे पाडणारा वेगळा. त्या तुकडे पाडणाऱ्याला 'प्रोटिअझोम' हे नाव १९८८ मध्ये मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो थर्मोप्लाझ्मातही असल्याचं कळलं.

माझ्या मते डाव इथेच फिरला. आपल्या प्रोटिअझोममध्ये चौदा तऱ्हेची उपएककं (एकमेकांना जोडून यंत्र बनवणारे प्रथिनांचे सुटे भाग) असतात. थर्मोप्लाझ्माचं काम अल्फा आणि बीटा या दोनच तऱ्हांवर भागतं. रचना उलगडायला याहून सोयीचा नमुना कुठला? म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडमध्ये बाउमाइस्टर आणि ह्यूबर यांच्या गटांनी प्रोटिअझोमचे स्फटिक करून ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाव्यांसह ती उलगडली (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). ह्यूबर म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या केंद्राच्या रचनेसाठी १९८८ चं नोबेल मिळालेलेच.

दिसलं ते असं: सात-सात उपएककांची चार कडी, बाहेरची दोन अल्फाची, आतली दोन बीटाची. सुमारे १५ नॅनोमीटर लांबीचं पोकळ नळकांडं. कापण्याच्या चौदाही जागा आतल्या पोकळीत, आणि तोंड जेमतेम १३ अँगस्ट्रॉम रुंद. घडी घातलेलं प्रथिन त्यातून जाईलच कसं? आधी उलगडून दोऱ्यासारखं करायचं, मगच आत सरकवायचं. आपल्याकडच्या गुऱ्हाळात उसाचं कांडं चरकात जातं, पण हात जाणार नाही अशी आड लावलेली असते, तसलाच हा बंदोबस्त. नाहीतर पेशीने स्वतःचीच प्रथिनं फस्त केली असती.

सगळ्यात मोठा धक्का कापणाऱ्या जागेचा होता. स्फटिकात एक अवरोधक, म्हणजे कापण्याचं काम अडवणारा, रेणू बसवून पाहिला, तर तो बीटा साखळीच्या अगदी पहिल्या अमिनो आम्लाला, थ्रिओनिनला, चिकटलेला. प्रथिनं कापायला थ्रिओनिन पुढे करणारं एन्झाइम तोवर कुणाच्या यादीत नव्हतं.

१९९७ मध्ये यीस्टच्या प्रोटिअझोमची रचना आली. तिथे अल्फांच्या शेपट्यांनी तोंड चक्क बंद केलेलं दिसलं, आणि कडीतल्या सात बीटांपैकी तीनच कापणाऱ्या. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरचं, प्रोटिअझोमला अडवणारं बोर्टेझोमिब हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते वेगळ्या प्रयोगशाळांच्या कामातून. पण ते नेमकं कुठे पकडतं हे २००६ मध्ये यीस्टच्या स्फटिकात दिसलं: औषधातला बोरॉन त्याच पहिल्या थ्रिओनिनला जाऊन चिकटतो.