हानिन्यूनीकरणातील वापरकर्त्यांचा सहभाग

निर्जंतुक सुया कुठे द्यायच्या, औषध-केंद्र किती वाजता उघडायचे, आलेल्या माणसाशी कसे बोलायचे, हे ठरवताना अमली पदार्थ वापरणाऱ्यांनाच निर्णयात बसवण्याची पद्धत. नशा सोडण्याची अट न घालता एचआयव्ही, हिपॅटायटिस-सी आणि अतिमात्रेचे मृत्यू टाळणे, हा हानिन्यूनीकरणाचा हेतू.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये हिपॅटायटिस-बी पसरू लागला, तेव्हा १९८४ मध्ये सुया बदलून देण्याच्या कामात पुढाकार घेतला तो वापरकर्त्यांच्या संघटनेनेच. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्पांत वापरकर्त्यांमधूनच पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्या सोबत्यांना माहिती देणारे कार्यकर्ते, नेमतात. मात्र सुया वाटणे त्यांच्याकडे आणि ठरवणे इतरांकडे, अशी विभागणी असेल तर त्याला सहभाग म्हणता येत नाही.

ठाणे-नवी मुंबईत अमली पदार्थ वापरणाऱ्याला सर्रास ‘गर्दुल्ला’ म्हणतात. त्या एका शब्दाखाली त्याला असलेली माहितीही गाडली जाते. रुळांलगतच्या कोणत्या आडोशाला टोळके बसते, पोलिसांची गाडी येऊन गेल्यावर ते कुठे सरकते, हे त्याला ठाऊक असते. सुई प्रत्येकाची वेगळी असली तरी पावडर विरघळवायचे झाकण आणि पाणी अनेकदा एकच असते, हे तोच सांगू शकतो. आणि हिपॅटायटिस-सी तेवढ्यानेही पसरतो. ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे हेरॉइनसारख्या पदार्थाऐवजी औषध-केंद्रात देतात त्या औषधाची, गोळी सहसा रोज कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळवावी लागते. केंद्र दहाला उघडले तर नाक्यावर रोजंदारीसाठी उभ्या राहणाऱ्याला गोळी किंवा मजुरी यांतले एकच मिळते. गोळी चुकत गेली की ‘टर्की’ लागते: अंगदुखी, घाम, जुलाब. मग पाय पुन्हा पुडीकडे वळतात. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत, ऐरोली-तुर्भे नवी मुंबईत, खारघर रायगड जिल्ह्यात. कचरा वेचत फिरणाऱ्याला या हद्दी दिसत नाहीत, केंद्राच्या नोंदवहीला दिसतात.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार सेवन हाच गुन्हा असल्याने बैठकीला येणेही धोक्याचे वाटते. एचआयव्ही प्रतिबंधासाठी सुया पुरवण्याला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संरक्षण दिले आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बैठकीला येणाऱ्याची ओळख गुप्त ठेवणे आणि बुडालेल्या मजुरीइतके मानधन देणे ही किमान अट मानली पाहिजे.

स्त्रिया या बैठकांत फार क्वचित असतात. केंद्रात सगळे पुरुष बसलेले दिसले की बाई उंबऱ्यावरूनच परत फिरते; तिची वेळ, तिची खोली आणि मूल सोबत आणण्याची सोय तिला विचारूनच ठरवावी लागते.