पाच वेढे, दोन दशांश सेकंद

ड्रिलिंग मशीनवर जाड हातमोजे घालून काम करणारा माणूस दिसला की पाहणाऱ्याला वाटतं, किती काळजी घेतोय हा. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. वर्कशॉपच्या भिंतीवरच्या पाटीवर हेल्मेट, गॉगल, बूट आणि हातमोजे अशी चार चित्रं एका ओळीत असतात, त्यामुळे ही चारही कवचं सगळीकडे सारखीच उपयोगी, असा समज पक्का होतो. वेल्डिंगला हातमोजे हवेतच. पत्रे उचलताना, धारदार कडांचे जॉब, म्हणजे ज्यांवर काम करायचं ते धातूचे तुकडे, हलवताना हवेतच. पण स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा मशीनचा दांडा, फिरत असेल तिथे, मग ते हत्यार ड्रिल असो की मिलिंगचा, म्हणजे जॉबचा पृष्ठभाग दात्यांनी कापत जाणारा, कटर, हातमोजा हे कवच राहत नाही. तो हाताला बांधलेला दोर होतो.

हे म्हणणं काहींना अतिरेकी वाटेल. ‘सैल मोजा अडकला तर हात पटकन मागे घ्यायचा, त्यात काय?’ असं मला अनुभवी लोकांनीही विचारलं आहे. या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येतं, आणि ते गणित मला फार आवडतं.

आधी वेळेचं बघू. अनपेक्षित काही घडलं तर ते जाणवून स्नायूंनी हालचाल सुरू करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. हा मज्जासंस्थेचा वेळ आहे. सरावाने तो थोडा घटतो, नाहीसा होत नाही. आता ६ मिलिमीटरचं हायस्पीड स्टीलचं ड्रिल घ्या. साध्या पोलादात भोक पाडताना ते मिनिटाला सुमारे १,५०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २५. तुमचा हात ‘मागे हो’ हा निरोप ऐकेपर्यंत ड्रिलचे पाच फेरे झालेले असतात. ६ मिलिमीटर व्यासाच्या ड्रिलचा परीघ जवळपास १९ मिलिमीटर, म्हणजे पाच फेऱ्यांत सुमारे साडेनऊ सेंटीमीटर धागा आत ओढला जातो. एका बोटाची लांबी.

आता दुसरा आणि खरा भाग: पाच वेढ्यांची पकड किती?

धक्क्याला लागलेलं जहाज तुम्ही पाहिलं असेल. खलाशी जाड दोराचे दोन-तीन वेढे लोखंडी खुंटाला देतो आणि उरलेलं टोक एका हाताने धरून उभा राहतो. पलीकडे काहीशे टनांचं जहाज ओढत असतं, अलीकडे एक हात. हे ताकदीमुळे होत नाही, वेढ्यांमुळे होतं. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने दोराच्या घर्षणाचा हा हिशेब मांडला.

समजून घेण्यासाठी वेढ्याचा अगदी लहान तुकडा डोळ्यांपुढे आणा, एका अंशाएवढा. त्याच्या दोन टोकांना ताण आहे, पण दोन्ही ताण नेमके एका रेषेत नाहीत, कारण दोर वळतोय. त्या किंचित तिरकेपणामुळे दोघे मिळून तुकड्याला दांड्यावर दाबतात. ताण जास्त तर दाब जास्त. दाब जास्त तर घर्षण जास्त. म्हणजे या एका अंशात घर्षण जी भर घालू शकतं, ती असलेल्या ताणाचा ठरावीक हिस्सा असते. घर्षणगुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा, ०.३ धरला तर हा हिस्सा अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त, ०.५२ टक्के. पुढच्या अंशावर वाढलेल्या ताणावर पुन्हा ०.५२ टक्के. शाळेत शिकलेलं चक्रवाढ व्याजच हे, फक्त वर्षांच्या जागी अंश आहेत. ३६० अंश पूर्ण झाले की मुद्दलाचे ६.६ पट होतात. दुसऱ्या वेढ्यात पुन्हा ६.६ पट. तिसऱ्यात पुन्हा.

ड्रिलच्या खाचेत अडकलेल्या धाग्याचं मोकळं टोक तेलाने किंवा किसामुळे चिकटून राहिलंय आणि त्याला फक्त १ ग्रॅम वजनाइतकी धर मिळाली आहे, असं धरा. एका वेढ्यानंतर ही पकड ६.६ ग्रॅम. दोनानंतर ४३ ग्रॅम. तिनानंतर २८६. चारानंतर १ किलो ८८० ग्रॅम. पाचव्या वेढ्याला १२ किलोच्या वर.

आणि पाचवा वेढा होईपर्यंत तुमच्या हाताला अजून निरोप पोचलेला नाही.

प्रत्यक्षात वेढे एकमेकांवर चढतात आणि पकड याहूनही घट्ट होते. शेवटी मर्यादा उरते ती मोटारीची. अर्ध्या किलोवॅटची मोटार ६ मिलिमीटरच्या ड्रिलच्या पृष्ठभागावर या वेगाला १०० किलोहून जास्त वजनाइतकी ओढ देऊ शकते. फिरणाऱ्या पुलीत आणि स्पिंडलमध्ये साठलेली ऊर्जा वेगळीच. या समीकरणात दांड्याचा व्यास कुठेच येत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वेढ्याची पकड वेढ्यांच्या संख्येवर आणि घर्षणावर ठरते. ३ मिलिमीटरचं बारीक ड्रिलही तितकंच घट्ट गुंडाळतं. ‘छोटंच तर ड्रिल आहे’ या वाक्याला काही आधार नाही.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा, मशीनशिवाय. काठी आडवी पक्की बांधा. दोरीच्या एका टोकाला पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली बांधा. दोरी काठीवरून एकदाच टाकली तर दुसऱ्या टोकाला चांगलं वजन लावावं लागेल. मग काठीभोवती दोन पूर्ण वेढे जास्तीचे द्या. आता एखाद्या छोट्या नटाच्या वजनावर बाटली लटकून राहते. दोरी आणि काठी कशाची आहे त्यावर आकडा बदलेल, पण बाटली आणि नट यांतली तफावत पाहून माणूस गप्प होतो.

इथे जाहिरातींबद्दल एक बोलायलाच हवं. ‘धारेने न कापले जाणारे’ हातमोजे सर्व कामांसाठी सुरक्षित म्हणून विकले जातात. पत्र्याच्या कडेपासून ते खरोखर वाचवतात. पण त्यांची खुबी हीच, की त्यांचे तंतू तुटत नाहीत. साधा सुती धागा पाचव्या वेढ्याला कदाचित तुटेल. हा तुटणार नाही, आणि ओढ थेट बोटापर्यंत पोचेल. एका कामासाठीचा गुण दुसऱ्या कामात दोष ठरतो, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

शिकत असताना एकदा पुसायचं फडकं माझ्या हातातून ड्रिलला लागलं होतं. मला ‘फडकं अडकतंय’ असं काही दिसलंच नाही. एका क्षणी ते हातात होतं, दुसऱ्या क्षणी चकभोवती, म्हणजे ड्रिल धरून ठेवणाऱ्या पकडीभोवती, घट्ट बोळा. मधली अवस्था डोळ्यांनी टिपलीच नाही. वरचं गणित मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी केलं, आणि तेव्हा कळलं की टिपता येणं शक्यच नव्हतं. लांब बाह्या, गळ्यात लोंबणारं काहीही, मोकळे केस, अंगठी या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. ड्रिलमधून निघणारी लांब, कुरळी चिपसुद्धा ड्रिलभोवती फिरत चाबकासारखी येते. थोडं कापायचं, ड्रिल वर घ्यायचं, पुन्हा कापायचं, म्हणजे ती तुटत राहते. आणि कीस काढायचा तो मशीन थांबवून, ब्रशने.

वेढ्यांइतकाच दगा देणारा दुसरा क्षण म्हणजे भोक आरपार होण्याचा. ट्विस्ट ड्रिलच्या टोकाशी मधोमध एक बोथट आडवी धार असते. ती कापत नाही, धातूला दाबून बाजूला सारते, आणि खाली रेटायला लागणाऱ्या जोरातला मोठा वाटा तीच खाते. ती खालच्या पृष्ठभागातून बाहेर पडली की हा विरोध एकाएकी संपतो. पण तुमचा हात तेवढाच जोर देतोय, आणि दाबाने किंचित वाकलेलं मशीनही सरळ होतं. ड्रिल एका फेऱ्यात नेहमीपेक्षा कितीतरी खोल घुसतं, दोन्ही धारा जाड घास घेतात आणि पिळाची खाच स्क्रूच्या आट्यांसारखी जॉबमध्ये रुतते. मग जॉब ड्रिलवर चढतो किंवा ड्रिलबरोबर गरगर फिरतो. पातळ पत्रा आणि पितळ यांत हे सर्वांत जास्त घडतं. पितळेसाठी ड्रिलच्या धारेचा पुढचा कोन दगडावर थोडा सपाट करतात तो याचसाठी.

हाताने धरलेली पत्र्याची पट्टी या क्षणी फिरतं पातं होते. म्हणून जॉब धरायला व्हाइस, म्हणजे स्क्रूने आवळायचा शिकंजा, आणि व्हाइसही टेबलाला बोल्टने आवळलेला. लांब पट्टी असेल तर तिचं लांब टोक आपल्या डाव्या हाताकडे ठेवून मशीनच्या मागच्या उभ्या खांबाच्या, कॉलमच्या, डाव्या अंगाला टेकवावं. ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, त्यामुळे ते डावं टोक आपल्यापासून दूर, कॉलमकडेच ढकललं जातं. उलट्या बाजूला टेकवलं तर तेच टोक आपल्या पोटाकडे येतं. एवढा साधा भूमितीचा विचार, पण तो आधी करायचा असतो.

अपघात झाला की ‘दिवसच वाईट होता’, ‘नशिबात होतं’ असं म्हटलं जातं, तेव्हा मला राग येतो. १ ग्रॅमचे १२ किलो होणं हे नशीब नाही. ज्याचं गणित वहीच्या पानावर मांडता येतं, त्याला नशीब म्हटलं की पुढच्या माणसाच्या हातातला मोजा तसाच राहतो.

मिलिंग आणि ड्रिलिंग दोन्ही करणाऱ्या मशीनवर आणखी एक मोह असतो: ड्रिलचा चक बसवलेलाच आहे, तर त्यातच एंड मिल, म्हणजे मिलिंगचा दात्यांचा कटर, धरायचा. हे करू नये, आणि कारण चक ज्यावर स्पिंडलमध्ये बसतो त्या निमुळत्या दांड्यात, मोर्स टेपरमध्ये, आहे. त्याचा उतार साधारण २० ला १, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम दीड अंश. एवढ्या कमी उताराला पोलादावर पोलादाचं घर्षणच धरून ठेवतं, आणि ड्रिलिंगमध्ये जोर वरच्या दिशेने येत असल्याने टेपर अधिकच घट्ट बसतो. मिलिंगमध्ये जोर आडवा येतो, तोही प्रत्येक दात्याबरोबर ठोके देत. टेपर डुलत डुलत सुटतो, आणि चक फिरत असतानाच खाली पडू शकतो. कटरसाठी कॉलेट, म्हणजे कटरला चारी बाजूंनी आवळणारी चिरलेली नळी, हवा आणि तो वरून ड्रॉबारने, म्हणजे स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने, ओढून आवळलेला हवा. चक आवळायची चावी चकमध्येच विसरण्याबद्दल वेगळं लिहीत नाही. चावी हातातून सुटताच स्प्रिंगने आपोआप बाहेर पडणारी मिळते, तीच वापरावी.

मिलिंगमध्ये कटरचे दाते जॉबच्या चालीविरुद्ध कापतात की चालीच्या दिशेने, यावर बरंच अवलंबून असतं. चालीच्या दिशेने कापलं तर पृष्ठभाग छान येतो, पण प्रत्येक दाता टेबलाला स्वतःकडे ओढतो. टेबल हलवणाऱ्या स्क्रू आणि नटमध्ये ढिलाई, म्हणजे बॅकलॅश असेल, तर टेबल तेवढं एका झटक्यात पुढे उडी मारतं. दात्याने ०.०५ मिलिमीटर कापायचं ठरलंय आणि ढिलाई ०.३ मिलिमीटर आहे, तर त्याच्या तोंडात एकदम सहा घास जातात. कटर तुटतो आणि तुकडे उडतात. हलक्या मशीनवर म्हणून चालीविरुद्धच कापावं, आणि टेबलाची जी चाल वापरत नाही तिचं लॉक आवळून ठेवावं.

ही ढिलाई मोजायला काही लागत नाही. मशीन बंद ठेवून टेबलाचं हँडल एका दिशेला फिरवा, टेबल हलू लागलं की थांबा, मग सावकाश उलटं फिरवा. टेबल न हलता डायलवरची जितकी घरं सरकली, तितका बॅकलॅश. मी तो आकडा टेबलाच्या कडेला रंगाने लिहून ठेवतो. स्क्रू झिजतो तसा तो वाढतो, त्यामुळे काही महिन्यांनी जुना आकडा खोडून नवा लिहावा लागतो.