घासून उमटलेलं जंगल

रंगाचे थर देऊन ते घासत जंगलाचं चित्र काढायची ही रीत. प्लायवूड किंवा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या) फळीवर आधी मॉडेलिंग पेस्टने झाडांचे बुंधे आणि फांद्या उठावदार काढायच्या. ही पेस्ट म्हणजे अ‍ॅक्रिलिकमध्ये कालवलेली संगमरवराची भुकटी. ती वाळली की वरून अ‍ॅक्रिलिक रंगाचे हात: पिवळा, पोपटी, निळसर हिरवा, शेवटी जवळजवळ काळा. या टप्प्याला फळी नुसती काळीकुट्ट दिसते. मग पॉलिश पेपर हातात घ्यायचा. उंचवट्यांवरचा रंग आधी झिजतो, खोलगट जागेतला तसाच राहतो. बुंध्याच्या माथ्यावर पिवळा उघडा पडतो, त्याच्या कडेने पोपटी, मग निळसर, आणि दोन झाडांच्या मध्ये काळोख. सह्याद्रीच्या कड्यांवर बेसॉल्टचे थर झिजून पायऱ्या दिसतात, तशाच या पायऱ्या. फक्त त्यांची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी.

पेपरला रंग कळत नाही, उंची कळते. त्यामुळे उजेड कुठे पडणार, हे पेस्ट लावतानाच बरंचसं ठरून गेलेलं असतं. कॅनव्हास इथे कामाचा नाही. तो हाताखाली दबतो आणि मागच्या चौकटीच्या पट्ट्यांवर नको तेवढा घासला जातो.

हे सगळं जमतं ते अ‍ॅक्रिलिकच्या स्वभावामुळे, आणि बिघडतंही त्याच स्वभावामुळे. हा रंग म्हणजे पाण्यात विखुरलेले प्लॅस्टिकचे कण आणि रंगद्रव्य. कण साधारण 0.1 ते 0.2 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी उडून गेलं की ते एकमेकांवर दाबले जातात, एकजीव होतात आणि पापुद्रा तयार होतो. तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही, म्हणून खालचा थर न हलवता वर दुसरा देता येतो. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या मध्याला असे पाण्यात मिसळणारे रंग चित्रकारांच्या हाती आले.

या प्लॅस्टिकमध्ये बहुधा दोन घटक जोडलेले असतात. मिथाइल मेथाक्रिलेटचं बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे त्याच्या रेणूंची लांब साखळी) सुमारे 105 अंश सेल्सिअसपर्यंत काचेसारखं कडक राहतं. ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटचं उणे 50 अंशांच्याही खाली गेल्याशिवाय कडक होत नाही. दोन्हींचा मेळ असा घातलेला असतो की घरातल्या तापमानाला पापुद्रा लवचीक राहावा, तडकू नये. कॅनव्हाससाठी हे उत्तम, घासणाऱ्यासाठी डोकेदुखी! घर्षणाने ऊब आली की रंग मऊ पडतो, त्याच्या वळ्या होतात आणि पेपर चोंदतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी हा उद्योग करूच नये. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर पाण्यात बुडवून वापरला की पाणी पृष्ठभाग थंड ठेवतं आणि भुकटी वाहून नेतं. शिवाय वरून कोरडा लागणारा थर आतून ओला असू शकतो. पावसाळ्यात कोकणात तर दोन थरांमध्ये एक दिवस सोडलेला बरा.

व्हिएतनामचे चित्रकार 1930 च्या दशकापासून लाखेची चित्रं अशीच थर देऊन, पाण्याबरोबर घासून करत आले आहेत. हाताची क्रिया तीच, रसायन उलटं. झाडाच्या चिकापासून बनणारी ती लाख दमट हवेत ऑक्सिजन घेऊन कडक होते, तिचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. अ‍ॅक्रिलिकमध्ये अशी गुंतवण सहसा होत नाही, आणि दमट हवेत ते रेंगाळतं. लाखेसारखा आरसा त्यातून घासून निघेल ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटते.

घासून झाल्यावर चित्र पांढुरकं दिसतं, आणि नवखा माणूस इथे हमखास घाबरतो. पेपरच्या बारीक ओरखड्यांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, एवढंच त्याचं कारण. ओला बोळा फिरवला की ओरखडे पाण्याने भरतात आणि खरा रंग दिसतो. व्हार्निश तेच काम कायमचं करतं. पण सगळीकडे व्हार्निश कशाला? दूरची झाडं फिकी दिसतात तीही प्रकाश विखुरल्यामुळेच, तिथे हवा आणि धुकं ते करतं. मागची झाडी चकाकी नसलेली ठेवून पुढच्या बुंध्यांनाच चमक दिली, तर धुकं वेगळं रंगवावं लागत नाही.

कॅडमियम किंवा कोबाल्ट असलेले रंग कोरडे घासू नयेत. ती धूळ फुफ्फुसांत जाते. बाकी रंगांनाही मास्क हवाच. घासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर प्लॅस्टिकची भुकटी थेट गटारात जाते. बादली रात्रभर तशीच ठेवावी, वरचं पाणी जाड फडक्यातून गाळून घ्यावं, आणि तळाचा गाळ वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावा.