‘मला काही झालेलं नाही’ : घरी येऊन आम्ही काय तपासतो

फोन बहुतेक वेळा मुलीचा किंवा सुनेचा येतो. “तसे पडले वगैरे नाहीयेत बाबा, पण...” आमचं काम या ‘पण’पासून सुरू होतं. आम्ही फिजिओथेरपिस्ट पुण्यात घरोघरी जाऊन साठीपुढच्या मंडळींचं चालणं, तोल आणि रोजची कामं तपासतो. सव्वा तास लागतो. सकाळी दहाच्या सुमारास येतो, कारण दुपारच्या झोपेतून उठवून चालायला लावलं तर कोणीही अडखळेल.

सुरुवात खुर्चीपासून. हात असलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतो आणि तिच्यापासून तीन मीटरवर फरशीवर चिकटपट्टी लावतो. उठायचं, नेहमीच्या चालीनं पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. चप्पल आणि काठी रोजचीच. ही चाचणी १९९१ पासून वापरात आहे. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरून पुढचं बघायचं. खरं सांगायचं तर घड्याळापेक्षा आमचं लक्ष पावलांकडे जास्त असतं. वळायला किती पावलं लागतात? बसताना खुर्ची चाचपून बसतात की धपकन अंग टाकतात?

मग तेच अंतर पाण्यानं भरलेलं फुलपात्र हातात देऊन. कोथरूडच्या एका आजींनी पहिली फेरी अकरा सेकंदांत मारली. फुलपात्र हातात आल्यावर मात्र त्या अर्ध्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “आता बोलू नका हो माझ्याशी, सांडेल.” घरात चहाचा कप घेऊन चालताना दाराची बेल वाजते, तेव्हा काय होत असेल ते आम्हाला तिथेच कळलं.

दुसरी चाचणी तीस सेकंदांची. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून जितक्या वेळा पूर्ण उभं राहता येईल तितकं राहायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईंना दहापेक्षा कमी किंवा पुरुषांना बारापेक्षा कमी वेळा जमलं, तर मांड्यांची ताकद वयाच्या मानानं कमी. हाताचा आधार घेतला की गुण शून्य. यावर रुसवे होतात, पण मोजायची असते पायांची ताकद, खुर्चीच्या हातांची नाही.

तोल चार प्रकारे पाऊल ठेवून बघतो. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतो. वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला, तर आधी डॉक्टरांकडून गोळ्या तपासून घ्या, व्यायाम नंतर.

सर्वांत जास्त वेळ जातो प्रश्नांत. आंघोळ, कपडे, संडास, जेवण, जिना अशा दहा गोष्टींची शंभर गुणांची यादी १९६५ पासून वापरली जाते. फोन, खरेदी, औषधं, पैसे यांची यादी १९६९ ची. या दुसऱ्या यादीत पुरुषांचे स्वयंपाक, आवराआवर आणि कपडे धुण्याचे गुण धरत नसत. यादी अमेरिकेतली, पण ही सवलत सदाशिव पेठेत आजही मागितली जाते! मांडी घालून बसणं, जमिनीवरून उठणं, भरलेली बादली सरकवणं हे त्या याद्यांत नाही. ते आम्ही वेगळं विचारतो आणि शक्य असेल तर करून दाखवायला सांगतो.

‘करता येतं का’ आणि ‘करता का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला एकटे बँकेत जाणारे आजोबा “सगळं माझं मीच करतो” म्हणतात. आठवड्याच्या गोळ्या डबीत सून भरते आणि मोजे नातू चढवतो, हे चहा पिताना कळतं. नातवानं चढवले तर दहा मिनिटं वाचतात, हे मान्य. पण वाकून पायापर्यंत हात नेणं बंद झालं की ते हळूहळू जमेनासंही होतं. आमच्या अहवालात म्हणूनच ‘यात मदत करू नका’ असा एक रकाना असतो. घरच्यांना तोच सर्वांत जड जातो.

भिंतीही बघतो. बाथरूमच्या दाराशी खांद्याच्या जरा खाली रंग काळपट झालेला असतो, तळहाताएवढा. रोज हात टेकतो तो तिथे. आधाराचा दांडा नेमका तिथेच बसवायचा; टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही.

चालण्यात किंवा बोलण्यात अचानक, चार-दोन दिवसांत फरक पडला असेल, तर आमची वाट बघू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

आम्ही येणार म्हणून घर आवरू नका. पायपुसणं दुमडलेलं असेल तर तसंच राहू द्या, चार्जरची वायरही. चष्मा, रोजची चप्पल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं तेवढी हाताशी ठेवा.