हात कधी काढून घ्यायचा?

शर्टाचं एक बटण लावायला चार वर्षांच्या मुलाला किती वेळ लागतो, ते एखाद्या घाईच्या सकाळी बघा. बटण काजात अर्धं शिरतं. जिभेचं टोक ओठाबाहेर येतं. दुसऱ्या हाताने कापड ताणून धरायला हवं हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि बटण पुन्हा बाहेर. तेवढ्यात आपला हात पुढे जातो. "दे इकडे, मी लावते." आपल्याला चार सेकंद लागतात. मूल हात खाली सोडून उभं राहतं. हे मी स्वतः इतक्यांदा केलं आहे की त्यावर लिहायचा अधिकार मला नक्कीच आहे.

पालकांनी मुलांच्या शिकण्यात लक्ष घालावं, असं सगळेच सांगतात. ते खोटंही नाही. पण 'लक्ष घालणं' म्हणजे नेमकं काय करणं, हे विचारलं की उत्तरं धूसर होतात: अभ्यास घ्या, वेळ द्या, शाळेत जाऊन भेटा. गेल्या पन्नास वर्षांतलं संशोधन वाचताना मला जाणवलं ते असं की, पालक किती मदत करतात यापेक्षा ती कधी करतात आणि कधी थांबतात, यावर मुलाचं शिकणं जास्त अवलंबून असतं.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन, चार आणि पाच वर्षांची ३० मुलं आणि लाकडाचे २१ ठोकळे. एका ठोकळ्याची खुंटी दुसऱ्याच्या भोकात बसवून जोड्या करायच्या, जोड्यांचे थर करायचे आणि थरांवर थर चढवून पिरॅमिड उभा करायचा. तीन वर्षांच्या मुलाला हे एकट्याला जमण्यासारखं नव्हतं. सोबत एक शिकवणारी होती, आणि मुलाला जेवढं स्वतः करता येईल तेवढं करू द्यायचं, असं तिचं धोरण होतं. ती नेमकं काय करते, हे या तिघांनी बारकाईने टिपलं. त्या मदतीला त्यांनी इमारतीच्या बांधकामावरचा शब्द वापरला, तो म्हणजे परांची. भिंत उभी राहीपर्यंत आधाराला बांधायची आणि मग सोडवून न्यायची. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी आधीच म्हटलं होतं की, मूल एकट्याने काय करू शकतं आणि जाणत्या माणसाच्या सोबतीने काय करू शकतं, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात खरं शिकणं घडतं. परांची बांधायची ती याच पट्ट्यात.

पुढे वुड आणि सहकाऱ्यांनी या मदतीच्या पायऱ्या पाडल्या. सगळ्यात खाली नुसतं प्रोत्साहन: "आता काय करशील?" त्यावर शब्दांत सूचना: "याच्याहून लहान ठोकळा शोध." त्यावर बोटाने दाखवणं. मग ठोकळा योग्य बाजूने फिरवून समोर ठेवणं. आणि शेवटी स्वतः जोडून दाखवणं. नियम एकच: मूल अडलं तर एक पायरी वर चढायचं, जमलं की एक पायरी खाली उतरायचं. १९७८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त तोंडी सांगून शिकवलं, काहींना फक्त करून दाखवून, काहींना या दोन टोकांत उड्या मारत आणि काहींना हा चढ-उताराचा नियम पाळून. नंतर एकट्याने पिरॅमिड रचण्यात शेवटचा गट सरस ठरला.

बटणाचंच घ्या. "दुसऱ्या हाताने कापड धर" ही दुसरी पायरी. बटण काजात अर्धं घालून देणं ही चौथी. घाईच्या सकाळी आपण थेट पाचवीवर असतो, आणि तिथेच राहतो.

पाचवीवर राहिल्याने होतं काय? ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली चार-पाच वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं. मूल कोडं सोडवताना अडलं की प्रयोग करणारी मोठी व्यक्ती काही मुलांच्या हातून ते काम घ्यायची आणि स्वतः पुरं करायची. त्यानंतर मुलांना दुसरं अवघड काम दिलं, तेव्हा ज्यांच्या हातून काम काढून घेतलं होतं त्यांनी ते लवकर सोडून दिलं. त्यांची बुद्धी काही पाच मिनिटांत कमी झाली नव्हती. 'हे आपलं काम नाही' एवढंच ती शिकली होती.

गृहपाठाचं प्रकरण याहून नाजूक. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली माध्यमिक शाळेच्या वयातल्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र करून पाहिले. पालकांच्या सहभागाचा निकालाशी एकूण संबंध चांगलाच दिसला, अपवाद फक्त गृहपाठात मदत करण्याचा. सगळ्यात घट्ट संबंध होता तो वेगळ्याच गोष्टीशी: शिकण्याचा उपयोग काय, पुढे काय करायचं आहे, त्यासाठी आत्ता काय लागेल, अशा घरातल्या बोलण्याशी. इथे घाई करून निष्कर्ष काढू नये. ज्या मुलाला जड जातं त्यालाच आईवडील जास्त शिकवायला बसतात, त्यामुळे मदत हे कमी गुणांचं कारण नसून त्यांचा परिणाम असू शकतो. पण एका बाबतीत चित्र जरा स्पष्ट आहे. २०१५ साली एरिन मलोनी, शॉन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतली मुलं आणि त्यांचे पालक यांचा वर्षभर अभ्यास केला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्ष संपता संपता त्यांनाही धास्ती बसली. मात्र हे त्याच घरांत, जिथे असे पालक वारंवार गृहपाठ घ्यायला बसत होते. जिथे ते फारसे बसत नव्हते, तिथे ही लागण दिसली नाही. गणिताच्या वहीसमोर बसल्या बसल्या ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना हे वाचून बरंच हायसं वाटेल. मला वाटलं.

मग अशा घरांनी गणित टाकूनच द्यायचं का? त्याच गटातल्या संशोधकांनी त्याच वर्षी शिकागो परिसरातल्या पहिलीच्या मुलांच्या घरी टॅब्लेटवरचं एक अ‍ॅप दिलं. झोपायच्या आधी एक छोटा किस्सा वाचायचा आणि त्यावर आकड्यांचे दोन-चार प्रश्न एकमेकांना विचारायचे, इतकंच. सर्वाधिक फायदा झाला तो गणिताला घाबरणाऱ्या पालकांच्याच मुलांना. बोलायला विषय मिळाला आणि उत्तर चुकल्याचं ओझं कुणावर आलं नाही.

बोलणं हाच या सगळ्याचा धागा आहे, आणि तो फार लवकर सुरू होतो. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली. बारा बैठका, प्रत्येक साधारण २५ मिनिटांची. ज्यांच्यासमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली, ती बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. ज्यांना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, ती काहीच शिकली नाहीत. आवाज तोच, शब्द तेच. फक्त पडदा बाळाच्या नजरेला नजर देत नव्हता आणि त्याच्या हुंकाराला ओ देत नव्हता.

म्हणूनच बाळाच्या कानावर किती शब्द पडले हे मोजणं पुरेसं नाही. २०१८ साली रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूत काय होतं ते स्कॅनवर पाहिलं. भाषेशी निगडित ब्रोका भागातली हालचाल जुळली ती घरातल्या प्रश्नोत्तरांच्या फेऱ्यांशी, म्हणजे तू बोल, मी बोलते, पुन्हा तू. कुटुंबाची मिळकत कमी की जास्त, याने त्यात फरक पडला नाही.

गोष्टीचं पुस्तक वाचण्यातही हाच फरक आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ च्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक दोन्ही गटांत वाचत होतेच. एका गटाला वाचण्याची रीत बदलायला सांगितली: 'हो-नाही'त उत्तर येणार नाही असे प्रश्न विचारा, मुलाच्या वाक्यात एखादा शब्द घालून ते परत म्हणा, हळूहळू गोष्ट त्याला सांगू द्या. मूल म्हणालं "कुत्रा", तर "हो, मोठा काळा कुत्रा. काय करतोय तो?" महिनाभराने एका भाषा-चाचणीत ही मुलं दुसऱ्या गटापेक्षा साडेआठ महिन्यांनी पुढे होती, दुसऱ्या एका चाचणीत सहा महिन्यांनी.

हे सगळं शिकल्यासवरल्या, सुखवस्तू घरांचं झालं, अशी शंका येणं रास्त आहे. त्यावर जमैकातलं काम पाहण्यासारखं आहे. १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्य-सेविका आठवड्यातून तासभर जायची. बाळाला शिकवणं हा तिचा मुख्य हेतूच नव्हता. घरी बनवलेली खेळणी घेऊन बाळाशी कसं खेळायचं, काय बोलायचं, हे ती आईला दाखवायची आणि निघून जायची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पॉल गर्टलर आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांना पुन्हा गाठलं. ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या ते तरुण इतरांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त कमावत होते. इथे सेविका हीच परांची होती, तीही आईसाठी. दोन वर्षांनी ती सोडवून नेली आणि भिंत उभी राहिली.

एवढं वाचून पालकांना वाटेल की आता प्रत्येक क्षण मोजूनमापून वागायचं. तसं नाही. लेनर्ड यांचाच २०१७ चा एक प्रयोग मला यासाठी फार आवडतो, कारण त्यात मोठ्या माणसाने शिकवायचं काहीच नव्हतं. पंधरा महिन्यांच्या आसपासच्या बाळांसमोर एक व्यक्ती डब्यातून खेळण्यातला बेडूक काढायची खटपट करते. जमत नाही, पुन्हा करते, शेवटी निघतो. दुसऱ्या बाळांसमोर बेडूक पहिल्याच फटक्यात निघतो. मग बाळाच्या हातात एक वेगळंच खेळणं येतं. त्यावर मोठं बटण आहे, ते दाबलं की गाणं वाजेल असं वाटतं, पण ते दाबून काहीच होत नाही. ज्यांनी धडपड पाहिली होती, त्यांनी ते बटण जवळजवळ दुप्पट वेळा दाबलं.