घाटचढाईसाठी सायकलची चाके

रस्त्यावर चालवायच्या सायकलीला चढासाठी कोणती चाके घालावीत, हे ठरवताना दोन गोष्टी तोलून पाहिल्या जातात : चाकाचे वजन आणि चाकाला होणारा हवेचा अडथळा. हलक्या चाकांची रिम (टायर ज्यावर बसतो ते कडे) टायरपासून आसाच्या दिशेने मोजली तर साधारण २० ते ३५ मिलिमीटर उंचीची असते आणि कार्बनच्या जोडीचे वजन १२०० ते १४०० ग्रॅम भरते. वारा कापणाऱ्या चाकांची रिम ४५ ते ६५ मिलिमीटर उंच असते आणि जोडी बहुधा १४५० ते १६५० ग्रॅमची. मध्यम किमतीच्या सायकलीबरोबर येणारी ॲल्युमिनियमची जोडी १८०० ते २००० ग्रॅमपर्यंत जाते. चढ म्हटला की हलके चाक, असा समज रूढ आहे. तो काही चढांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. गोव्यात तर तो फार जपून वापरावा लागतो, कारण इथे मोठे घाट पूर्वेच्या सीमेवर आणि सायकलस्वारांची बहुतेक वस्ती किनाऱ्याकडे. घाट सुरू होण्याआधीच बरीच सपाटी तुडवावी लागते.

चढावर स्वाराची ताकद तीन ठिकाणी खर्च होते : गुरुत्वाकर्षण, टायरचे घर्षण आणि हवा. स्वार ६५ किलोचा, सायकल व सामान १० किलोचे, म्हणजे एकूण ७५ किलो धरू. ६ टक्क्यांच्या चढावर (१०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर उंची) तासाला १५ किलोमीटर वेग ठेवायला त्याला सुमारे २१५ वॅट लागतात. यातले ८६ टक्के गुरुत्वाकर्षण खाते, हवेच्या वाट्याला जेमतेम ७ टक्के येतात. तीच ताकद ३ टक्क्यांच्या चढावर लावली तर वेग २२-२३ किलोमीटर होतो आणि हवेचा वाटा एकदम २४ टक्क्यांवर जातो. हवेवर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे चढाची टक्केवारी थोडी बदलली तरी निकाल फिरतो.

आता दोन जोड्यांमध्ये ४०० ग्रॅमचा फरक आहे आणि उंच रिमची जोडी तासाला ४० किलोमीटर वेगाला ८ वॅट वाचवते, असे धरू. वरच्याच स्वाराला ६ टक्क्यांवर हलकी जोडी सुमारे १ वॅट वाचवून देते, उंच रिम ०.४ वॅट. ३ टक्क्यांवर हलकी जोडी ०.९ वॅट देते, तर उंच रिम १.५ वॅट. ४ टक्क्यांच्या आसपास दोन्ही बरोबरीत येतात. वजनातला फरक २०० ग्रॅमच असेल, आणि हल्लीच्या चाकांत तो पुष्कळदा तेवढाच असतो, तर बरोबरी साडेपाच टक्क्यांच्या सुमारास होते. जास्त ताकदीच्या स्वाराचा हा आकडा आणखी वर सरकतो, कमी ताकदीच्या स्वाराचा खाली येतो. व्यावसायिक शर्यतींत डोंगरी टप्प्यांवरही ४५-५० मिलिमीटरच्या रिम दिसतात त्या यामुळे : ते स्वार ६ टक्क्यांचा चढ तासाला २२-२४ किलोमीटरने चढतात, आणि यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाने शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असून चालत नाही. त्या मर्यादेपर्यंत सायकल उंच रिम घालूनही उतरवता येत असेल तर हलक्या चाकाचा उपयोगच उरत नाही. त्यांचे अनुकरण हौशी स्वाराने डोळे मिटून करू नये, त्याचा वेग वेगळा असतो.

‘फिरणारे वजन दुप्पट जड’ हे वाक्य सायकलच्या दुकानांत हमखास ऐकू येते. रिमचे वजन दुपटीने मोजायचे ते फक्त वेग वाढवताना. एका संथ लयीत घाट चढताना रिमवरचे १०० ग्रॅम आणि बाटलीतले १०० ग्रॅम यांत काहीही फरक नाही. वळणावर वेग १० पर्यंत पडला आणि पुन्हा १६ वर आणला, तरी ४०० ग्रॅम जड रिमला जास्तीची ऊर्जा लागते सुमारे ५ जूल. २१५ वॅटने ती भरून काढायला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. उभे राहून पेडल मारताना हलके चाक हाताखाली चपळ लागते हे खरे, आणि त्या जाणिवेला किंमत आहेच. पण घड्याळात ती दिसत नाही.

पणजीहून साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट गाठणे ही गोव्यातल्या घाटचढाईची ओळखीची वाट. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. समजा, घाटाआधी ४० किलोमीटर सपाट किंवा किरकोळ चढउताराचा रस्ता एकट्याने तासाला ३० किलोमीटर वेगाने कापला. उंच रिम तिथे ४० सेकंदांच्या आसपास वाचवते. पुढे ६ टक्क्यांच्या चढावर दर ५ किलोमीटरमागे हलकी जोडी ५ सेकंद देते आणि उंच रिम २ सेकंद, म्हणजे हलक्या जोडीची निव्वळ कमाई ३ सेकंद. घरापासून घाटमाथ्यापर्यंतचा हिशेब केला तर उंच रिम सरळ पुढे राहते. गटातून, दुसऱ्याच्या आडोशाने गेल्यास सपाटीवरचा फायदा घटतो, तरी पारडे सहसा उलटत नाही. मोले ते अनमोड या चढालाही हेच लागू आहे. उलट, पायथ्यापर्यंत गाडीतून सायकल नेऊन फक्त घाटच चढायचा असेल, किंवा पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरासारखा आखूड आणि तीव्र चढ असेल, तर हलकी जोडी घ्यावी. काणकोणच्या वाटेवरच्या करमल घाटासाठी वेगळी जोडी बाळगण्याची गरज नाही.

वाऱ्याकडे मात्र गोव्यात लक्ष द्यावेच लागते. सकाळी मतलई वारे मंद असतात, दुपारी समुद्रावरून खारे वारे जोर धरतात. ६ टक्क्यांच्या चढावर १५ किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर हवेच्या दृष्टीने स्वार ३० किलोमीटरने चालला आहे. तेव्हा उंच रिम १.७ वॅट वाचवते आणि हलक्या जोडीला मागे टाकते. घाटात झाडी दाट असते तिथे हा वारा पोचत नाही. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पोचतो. आडव्या वाऱ्याचा प्रश्न निराळा. मांडवी आणि झुआरीवरच्या पुलांवर, आणि घाट उतरताना झाडी संपून दरी उघडते त्या वळणावर, वाऱ्याचा झोत पुढच्या उंच रिमवर आदळला की हँडल हातातून ओढले जाते. ५५ किलोंच्या आतल्या स्वाराला हे जास्त जाणवते. मागचे चाक हँडलला जोडलेले नसल्याने तिथे उंच रिम त्रास देत नाही. म्हणून पुढे ३५ आणि मागे ५० मिलिमीटर ही मिश्र जोडी गोव्यातल्या घाटांना सर्वांत शहाणपणाची. एकच जोडी घ्यायची असेल तर दोन्हीकडे ४० ते ४५ मिलिमीटर.

रिमच्या उंचीइतकीच तिची रुंदी महत्त्वाची. टायर फुगवल्यावर प्रत्यक्ष मोजून २८ मिलिमीटर भरत असेल तर रिमची बाहेरची रुंदी त्याच्या १०५ टक्के, म्हणजे साडेएकोणतीस मिलिमीटरच्या जवळ हवी. टायर रिमबाहेर फुगला की हवा रिमला चिकटून वाहत नाही आणि उंच रिमचे पैसे वाया जातात. हुकलेस रिमवर (जिच्या कडांना टायर अडकवणारी आकडी नसते) ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय दाबापेक्षा जास्त हवा कधीही भरू नये. टायर निसटून उतारावर जीवघेणा अपघात होऊ शकतो. ६५ किलोच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये मागे ६५ आणि पुढे ६२ पीएसआय पुरते, पावसात आणखी ४-५ कमी.

पैसे मोजकेच असतील तर चाकांआधी टायर बदलावेत. घर्षणाचा गुणांक ०.००६ वरून ०.००४ वर आणणारी टायरची जोडी वरच्याच स्वाराला ६ टक्क्यांच्या चढावर ६ वॅट मिळवून देते. कोणतीही चाके चढावर एवढे देत नाहीत. साधी ब्यूटाईल ट्यूब १०० ग्रॅमच्या आसपास, टीपीयूची (पातळ, लवचीक प्लास्टिकची) ४० ग्रॅमच्या. दोन ट्यूब बदलल्या की १२० ग्रॅम फार थोड्या खर्चात गेले. रिम ब्रेकच्या (ब्रेक रिमलाच दाबतो अशा) सायकलीत मात्र टीपीयू घालण्याआधी ती त्यासाठी चालते का हे वेष्टणावर पाहावे, कारण लांब उतारावर रिम तापते आणि ट्यूब मऊ पडते. गुडघे दुखेपर्यंत जड गिअर ओढणाऱ्याने तर चाकांचा विचार बाजूला ठेवून मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) घालावी. डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढी पेलतो का ते आधी तपासावे.

रिम ब्रेकच्या सायकलीवर पावसाळ्यात कार्बनची चाके नकोत. ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा धरतो, आणि जांभ्याची लाल माती ब्रेक पॅडमध्ये अडकून रिमची कड घासते. कोरड्या दिवसातही सतत दाबून धरलेल्या ब्रेकने कार्बन रिम तापून थर सुटू शकतात. घाट उतरताना वळणाआधी जोरात दाबून सोडावे, दाबून ठेवू नये. डिस्क ब्रेकला ही अडचण नाही. तिथे नवी चाके घेताना मधला दांडा पुढे १२×१०० आणि मागे १२×१४२ मिलिमीटर मापाचा आहे ना, आणि फ्रीहब (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) आपल्या कॅसेटला बसतो ना, एवढे पाहावे. जाहिरातीतल्या वजनात रिम टेप आणि व्हॉल्व्ह बहुधा धरलेले नसतात, म्हणून जोडी तराजूवर घालूनच घ्यावी.

तारांची संख्या हलक्या चाकांत कमी ठेवतात. ८० किलोवरच्या स्वाराने पुढे-मागे २४-२४ पेक्षा कमी तारा घेऊ नयेत. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत असे चाक लवकर आऊट होते, म्हणजे वाकडे फिरू लागते, आणि एक तार तुटली तरी रिम ब्रेकला घासू लागते. उंच रिमला ६० ते ८० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह लागतो. तो वाटेतल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नये. दोन ट्यूब आणि प्रेस्टाचा (या बारीक व्हॉल्व्हला साधा पंप लावण्याचा) अडॅप्टर जवळ ठेवावा.

किनाऱ्यावरची खरी झीज निपलमध्ये, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांमध्ये होते. कार्बन रिम आणि ॲल्युमिनियमचे निपल यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते, निपल जाम होतात, आणि आऊट काढायला चावी लावली की डोके गोल होते किंवा तुटते. पितळी निपलला हा धोका बराच कमी असतो. ४८ निपलमागे वजन ३० ग्रॅमच्या आसपास वाढते, ते खुशाल सोसावे. किनाऱ्यावरून आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवावीत, पाण्याचा जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारू नये. रिममध्ये पाणी खुळखुळत असेल तर टायर आणि टेप काढून व्हॉल्व्हचे भोक खाली धरून ते गाळावे आणि रिम रात्रभर उघडी ठेवून मगच नवी टेप लावावी. ट्यूबलेस टायरमधले सीलंट (भोक बुजवणारा द्रव) गोव्याच्या उष्म्यात लवकर सुकते, उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी तपासून भर घालावी.